जड वस्तू आधी पडते का?

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. एक जड आणि एक हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकदम सोडली, तर आधी कोणती पडेल? आपल्यापैकी पुष्कळ जण चटकन म्हणतील, जड. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलही तेच म्हणत होता. गच्चीवर जाऊन कुणालाही तपासता येईल असं हे मत, पण ते शतकानुशतकं टिकलं. असं का झालं असावं?

ॲरिस्टॉटलला वेड्यात काढणं सोपं आहे. पण बघा, झाडाचं पान तरंगत खाली येतं, दगड थेट येतो. पाण्यात खडा आणि वाळूचा कण सोडा, खडा आधी तळ गाठतो. म्हणजे डोळे त्याच्याच बाजूने साक्ष देत होते. शिवाय त्याच्या मते जड पदार्थाचं स्वाभाविक स्थान विश्वाच्या मध्याशी. तो तिकडे परततो, आणि जितका जड तितक्या वेगाने. हे मत काढलं की विश्वाचं सगळं चित्रच हलणार होतं.

आपल्याकडे वैशेषिकांनी पडण्याचं कारण म्हणून ‘गुरुत्व’ हा गुण मानला. प्रशस्तपाद तर सांगतात की गुरुत्व इंद्रियांना दिसत नाही. पडण्यावरून त्याचं अनुमान करायचं. आजच्या ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दात तोच जुना शब्द आहे. मात्र इथेही गुरुत्व हा वस्तूच्या अंगचाच गुण होता.

शंका घेणारे नव्हते असं नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने लिहून ठेवलं की वजनात मोठा फरक असला तरी पडण्याच्या वेळेत फरक अगदी थोडा पडतो. १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिनने शिशाच्या दोन गोळ्यांचा प्रयोग नोंदवला. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड, उंची ३० फूट. खालच्या फळीवर आवाज मात्र एकच आला.

मग गॅलिलिओ. पिसाच्या मनोऱ्याची प्रसिद्ध कथा त्याच्या शिष्याने, विव्हियानीने सांगितलेली. आम्हाला तिच्यापेक्षा १६३८ च्या ग्रंथातला त्याचा युक्तिवाद मोलाचा वाटतो. समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका सावकाश. आता दोन्ही एकत्र बांधा. हलका जडाला मागे ओढेल, म्हणून जोडी सावकाश पडेल. पण जोडीचं वजन तर वाढलं, म्हणून ती अधिक वेगाने पडायला हवी! एकाच गृहीतातून दोन उलट उत्तरं निघतात. म्हणजे गृहीतच चुकलं. पान मागे राहतं ते हवेच्या अडथळ्यामुळे. १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, त्यामुळे दोन्ही बरोबरच टेकले.

१६८७ मध्ये न्यूटनने कारण जोडून दिलं. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे खरंच. पण ती वस्तू हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. हिशेब बरोबर फिटतो. वजन आता वस्तूचं एकटीचं राहिलं नाही, वस्तू आणि पृथ्वी या दोघांमधलं झालं.

तेव्हा डोळे खोटं बोलत नव्हते. पान मागे राहतं हे खरंच होतं. ते कशामुळे, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं. आणि पृथ्वी मध्ये काही नसताना ओढते कशी? त्याचं कारण न्यूटननेही सांगितलं नाही. तिथून आपण पुढच्या व्याख्यानात सुरुवात करू.