वसईची घंटा, भीमाशंकरचे रान

पिंपरीहून चाकण, राजगुरुनगर मागे टाकत श्रावणात भीमाशंकरला गेलो. वाटेत धबधबे, वर शेकरूंचे दाट रान. देवळासमोर पोर्तुगीज घंटा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. ही त्यांतलीच, असे सांगतात. लहानपणापासून मी ती विजयाची खूण म्हणूनच ऐकली होती.

तिचे मूळ घर पाहायला मग वसईचा किल्ला गाठला. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेल्या या ठाण्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन मठांच्या बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. सेंट जोसेफच्या रिकाम्या मनोऱ्याखाली ध्यानात आले : या घंटेचा इतिहास लिहायचा तर जिंकणाऱ्यांबरोबर गाव सोडून गेलेल्यांचाही लिहावा लागेल.