रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मिळालं, म्हणजे कमरेला लावून फिरता येतं का?

जळगाव-धुळ्याकडे हळदीच्या कार्यक्रमाचा एखादा व्हिडिओ अधूनमधून व्हायरल होतो. डीजे सुरू असतो, कुणीतरी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढतं आणि हवेत बार उडवतं. खाली कमेंट ठरलेली असते, "भाऊचं लायसन्स आहे." लायसन्स असेलही. पण या कामासाठी ते नसतंच.

शस्त्र परवाना चार गोष्टींना बांधलेला असतो: माणूस, शस्त्र, हद्द आणि मुदत. चारांपैकी एक जरी चुकली, तरी खिशातलं लायसन्स कामाला येत नाही.

आधी परवाना कोण देतं ते बघू. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कायद्याच्या भाषेत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. ते पोलिसांचा अहवाल मागवतात. वय किमान 21 लागतं, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि मुख्य म्हणजे कारण लागतं. जिवाला खरा धोका आहे, किंवा धंदाच असा आहे की जीव आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी शस्त्राची गरज आहे, हे दाखवावं लागतं. जळगावच्या सराफ बाजारातला व्यापारी किंवा रावेर-सावद्याकडे केळीची रोकड घेऊन फिरणारा माणूस हे पटवून देऊ शकतो. "घराण्याला शोभतं" हे कारण फॉर्मवर चालत नाही, मनात कितीही असलं तरी. अर्ज फेटाळला तर नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तसा मूलभूत हक्क नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानं दिलेली ती परवानगी आहे, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

आता रिव्हॉल्व्हर जवळपास नेहमी 'बत्तीस बोअर'च का असतं? कारण .38, 9 एमएम असे बोअर लष्कर-पोलिसांच्या दारूगोळ्याशी जुळणारे म्हणून सामान्य माणसाला बंद आहेत. राहतात ते मुख्यतः .32 आणि .22. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं विकलं जातंय. 2014 मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलो वजनाचं, पर्समध्ये मावेल असं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर ते महिलांसाठी म्हणून आणलं गेलं आणि किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे ज्या बाईला रात्रीच्या एसटीतून उतरून घरी चालत जायचंय, तिच्यासाठी ते नव्हतंच. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं .22 चं 'निडर' त्याहून हलकं, पाव किलोच्या आसपास. 2023 मध्ये 'प्रबळ' आलं, तेही .32 चंच.

छोटं रिव्हॉल्व्हर चालवायला सोपं, हा मोठा गैरसमज आहे. शस्त्र जितकं हलकं, तितका त्याच काडतुसाचा झटका हाताला जास्त बसतो. नळी आखूड असली की नेम धरायला जागा कमी मिळते. वर .32 मध्ये गोळ्या सहाच. सराव नसलेल्या माणसाच्या हातात, घाबरलेल्या क्षणी, त्यातली गोळी कुठं जाईल याचा भरवसा नसतो. आणि हवेत मारलेली गोळीही कुठंतरी खाली येतेच.

जवळ बाळगण्याचे नियम 2016 च्या शस्त्र नियमांत आहेत. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्ट वर करून मूठ दाखवणं यात बसत नाही. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत ते मिरवायचं नाही. आनंदाच्या भरात बेपर्वाईनं गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्राचं लायसन्सवालं रिव्हॉल्व्हर रीलसाठी हातात घेणंही महागात पडतं, कारण परवाना मित्राच्या नावावर असतो. शस्त्र असं दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून त्याचाही परवाना जाऊ शकतो.

हद्दीचा मुद्दा खान्देशात जास्त महत्त्वाचा. शिरपूरहून सेंधवा, रावेरहून बऱ्हाणपूर, दोन्ही इतकं जवळ की राज्य बदललं हे लक्षातही येत नाही. पण परवान्यावर फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल, तर सीमेपलीकडे ते शस्त्र विनापरवाना आहे.

निवडणूक आली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. सगळ्यांनी सरसकट जमा करावीत असा मात्र नियम नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती प्रत्येक परवाना तपासते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत नाव आलेले लोक पहिल्यांदा यादीत येतात.

आता गावठी कट्टा. चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव बेकायदा शस्त्रांमुळे पोलिसांच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं येतंय. नोव्हेंबर 2025 मध्ये तर पुणे पोलिसांनी तिथपर्यंत जाऊन कारवाई केली. कट्ट्यावर नंबर नसतो, सरकारी चाचणीचा शिक्का नसतो, आणि नंतर अर्ज करून तो कायदेशीरही होत नाही. नुसता सापडला तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला किमान सात वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत. स्टेटसला ठेवलेला फोटो हा पोलिसांना आयता मिळालेला धागा असतो.

समजा सगळे कागद चोख आहेत आणि खरोखर कुणी हल्ला केला. तेव्हाही लायसन्स म्हणजे गोळी मारायची परवानगी नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. बचावापुरतंच बळ वापरता येतं, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. चोर पाठ करून पळत असताना मारलेल्या गोळीचं समर्थन कोर्टात फार अवघड जातं.

एक गोष्ट घरातल्यांनी माहीत करून ठेवावी. वडील गेले की त्यांचं रिव्हॉल्व्हर कपाटात तसंच राहतं, दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही नसतं. पण परवाना वडिलांबरोबरच संपलेला असतो. शस्त्र आणि काडतुसं लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. वडील हयात असतानाही, ते 70 वर्षांचे झाले असतील किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. पोलीस चौकशी तेव्हाही पहिल्यासारखीच होते.