जैनथची काळी जमीन आणि डांबरी सडकेची दुरुस्ती

जैनथला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी. काळ्या दगडाचं बांधकाम, प्राकृत शिलालेखातले २० श्लोक, कार्तिकातला ब्रह्मोत्सव, यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. आदिलाबादहून सुमारे २० किलोमीटर ज्या सडकेनं आपण येतो, तिच्यावर मात्र कुणी लिहीत नाही. खरं तर सडकेलाही इतिहास असतो, आणि खड्डा बुजवायच्या पद्धतीलाही.

पैनगंगेच्या या पट्ट्यात जमीन भारी, काळी. कापसाला उत्तम, सडकेला वैरी. पावसात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. वरचा डांबरी थर तिच्यासोबत वरखाली होतो, ताणला की तडकतो. तडीतून पाणी आत शिरतं, खालचा थर मऊ पडतो, कापसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर वरून जातात, गिट्टी सुटते. आपल्याला खड्डा दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी.

स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) हेच सांगत होता: भार शेवटी खालची मातीच पेलते, म्हणून ती कोरडी ठेवा. त्याच्या काळात तर वर डांबरही नव्हतं, नुसती फोडलेली खडी.

आपल्याकडे रस्त्यांचा सलग विचार सुरू झाला तो मुकुंद रामराव जयकर यांच्या समितीपासून. समिती १९२७ ची, अहवाल १९२८ चा. त्यातून १९२९ साली पेट्रोलच्या गॅलनमागे २ आणे कर बसवून रस्ते निधी उभा राहिला, आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. जैनथ तेव्हा निजामाच्या मुलखात. पुढे १९५६ मध्ये किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्रात राहिलं. पण डांबरी सडकेच्या देखभालीसाठी दोन्हीकडचे इंजिनिअर आजही याच संस्थेची आयआरसी ८२ ही संहिता उघडतात.

दुरुस्ती कोणती, हे भेगा वाचून ठरतं. (शिलालेख वाचणाऱ्यांना हे पटायला हरकत नाही.) एखादी सुटी, लांब भेग असेल तर साफ करून डांबर भरलं की भागतं. मगरीच्या पाठीसारखं जाळं उमटलं असेल तर खालचा थर गेला समजा. तिथं वरून डांबर ओतणं म्हणजे कुजलेल्या लाकडाला रंग देणं. तेवढा चौकोन खणायचा, भिजलेली माती काढायची, गरज असेल तिथं चुना मिसळून माती घट्ट करायची, मुरूम-गिट्टी थराथरानं दाबायची, मग डांबर.

साधा खड्डा असला तरी कडा सरळ, उभ्या कापाव्या लागतात. तळ सुकवून झाडायचा, पातळ डांबराचा हात द्यायचा, गरम मिश्रण थोडं उंच भरून रोलरनं दाबायचं. यातलं सर्वांत जास्त टाळलं जातं ते सुकवणं. आणि बाजूची चारी तुंबलेली असेल, तर एवढं सगळं करूनही पाणी साडीच्या ओच्यासारखं सडकेखाली साठतं. माझं मत विचाराल तर आपल्या भागात रोलरच्या आधी फावडं यावं, चारी उपसायला.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण सगळे देतात. १९७६ साली रेकॉन्डो कंपनीनं तो हॉटमिक्स पद्धतीनं केला, १० वर्षांची लेखी हमी दिली, आणि तो त्याच्या कितीतरी पुढे टिकला. पण त्याची नुसती वरची कृती जैनथला उचलून आणता येत नाही. इथं आधी काळ्या मातीचा बंदोबस्त, मग हॉटमिक्स.

भर पावसात गरम मिश्रण चालत नाही. तेव्हासाठी तयार थंड मिश्रण मिळतं, त्याचीही आयआरसी ११६ ही २०१४ ची संहिता आहे. वाहनं पडू नयेत म्हणून ते भरावंच, पण ते ठिगळ आहे. माती वाळली की तीच जागा पुन्हा खणावी लागते. आपल्याकडे ती वेळ साधारण कार्तिकाची: देवळात गर्दी, शेतात कापूस वेचणी, आणि सडकेवर वर्षातली सर्वांत जड वाहतूक नुकतीच सुरू होत असते.