तीन मजल्यांचं तळं

आमच्या उमरीकडे शेततळ्यात मासे सोडायचं म्हटलं की नावं ठरलेली: कटला, रोहू, मृगळ. कटला वर चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी. गंमत म्हणजे हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्याला पावसाळ्यातली वाहती नदीच लागते. म्हणून पूर्वी बीज नदीतून धरून आणायचे, त्यात नको त्या जातीही यायच्या. १० जुलै १९५७ला ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी घालायला लावली. तेव्हापासून नदीची वाट बघणं संपत गेलं. मला वाटतं, मराठवाड्याला याचं मोल जास्त. इथे पाणी थोडेच महिने टिकतं. वेळेवर बोटुकली मिळाली तरच हंगाम साधतो.