बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधले दफ्तर

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटले की आपल्या खानदेशात निकाल ठरलेला असतो. जळगाव असो की धुळे, दुरुस्ती करणारा मुलगा दोनदा बटण दाबून बघतो, काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचतो आणि सांगतो, "सर, फॉरमॅट मारना पडेगा." आपणही मान डोलावतो. तासाभरात मशीन नव्यासारखे होऊन परत येते, आणि आत जे होते ते गेलेले असते. या एका वाक्याने गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या भागातले किती कागद पुसले असतील, याचा विचार फारसा कुणी केलेला नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मला तो करावासा वाटतो.

आधी मशीन सुरू होते कसे ते पाहू. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, जागा होतो. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो. मग डिस्कच्या सुरुवातीची नोंद वाचतो. ती नोंद विंडोजच्या लोडरला हाक देते, लोडर विंडोजचा गाभा उचलतो आणि शेवटी आपला डेस्कटॉप दिसतो. निरोप एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जावा तसे हे काम आहे. मधला एक जण जरी गैरहजर राहिला तरी निरोप पोहोचत नाही. पण या साखळीत आपल्या फाइलींचा काही संबंध नसतो. त्या डिस्कवर आपल्या जागी पडून असतात. घराचे कुलूप बिघडले म्हणून कपाटातले कागद जळत नाहीत, तसेच हे आहे.

या यंत्राचा आणि उर्दू लिपीचा प्रवास एकाच वर्षी वळणावर आला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याच वर्षी मिर्झा अहमद जमील यांनी घडवलेल्या नूरी नस्तालीकमध्ये दैनिक 'जंग'ची लाहोर आवृत्ती निघाली. तोपर्यंत उर्दू वर्तमानपत्र म्हणजे कातिबांनी हाताने लिहिलेली पाने. नस्तालीकची अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांवर चढतात, त्यामुळे ती खिळ्यांच्या छपाईत नीट बसत नव्हती. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' आणले आणि नस्तालीक साध्या विंडोज कॉम्प्युटरवर आली. मराठीसाठी पुण्यातून श्रीलिपी होतीच. गावोगावच्या डीटीपी सेंटरांत या दोन सॉफ्टवेअरवर आपले छापील जग उभे राहिले.

मशीन सुरूच होऊ न देणारे व्हायरसही याच काळातले. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या नेमक्या त्या सुरुवातीच्या नोंदीत जाऊन बसायचा. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही दिला होता! आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. २६ एप्रिल १९९९ चा सीआयएच व्हायरस मात्र दुष्ट निघाला. तैवानमध्ये लिहिलेल्या या व्हायरसने डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि शक्य तिथे बायोसची चिपच पुसून टाकली.

आपल्याकडे कॉम्प्युटर घरोघरी पोहोचला तो त्यानंतर. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याला निघाले आणि शिक्षकांनाही ती परीक्षा देणे भाग पडले. त्याच दशकात लोडशेडिंगने कळस गाठला. भुसावळजवळच्या दीपनगरात वीज तयार व्हायची आणि जिल्ह्यातली गावे अंधारात बसायची. चालू मशीनची वीज अचानक गेली की अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' किंवा 'सिस्टिम' नावाची फाइल खराब झाल्याचा संदेश तेव्हा कितीतरी जणांना पाठ होता. त्यात आपला उन्हाळा. त्या वर्षांत जगभर मदरबोर्डवरचे निकृष्ट कपॅसिटर फुगून फुटत होते आणि उष्णता हा त्यांचा मोठा शत्रू. पंचेचाळीस अंशांच्या जळगावात त्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

मग फॉरमॅटची सवय का लागली? दुरुस्तीला अर्धा दिवस जातो, फॉरमॅटला तासभर. गिऱ्हाईक पैसे देते ते चालू मशीनचे, आतल्या कागदांचे नाही. आणि एक बारीक गोष्ट. 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप हे दोन्ही सी ड्राइव्हवर असतात, फॉरमॅट होतो तोही सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हवर सिनेमे आणि गाणी असायची. म्हणून सिनेमे वाचले, अर्ज-अहवाल गेले.

काय काय गेले? उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि स्नेहसंमेलनाचे अंक, मुशायऱ्यांच्या पुस्तिका, निकाहच्या दावतनाम्यांचे मजकूर, मदरशांचे जमाखर्च, मशिदींच्या ट्रस्टचे ठराव. हे कागद किरकोळ वाटतात, पण पन्नास वर्षांनी खानदेशी मुसलमानांचा इतिहास लिहायचा झाला तर साधने हीच. आणि पन्नास वर्षे तरी कशाला? ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले आणि माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. अशा वेळी जुन्या मशीनमधली एक यादी किती मोलाची ठरते, हे ज्याला कागद जमवावे लागले त्यालाच ठाऊक.

धुळेकरांना तर हा धडा घरचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून जुनी दफ्तरे शोधत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, एकूण बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. माळ्यावरचे रुमाल वाळवीच्या तोंडून त्यांनी सोडवले. तो रुमाल आता हार्डडिस्क झाला आहे. 'दफ्तर', 'रुमाल', 'कागद' हे तिन्ही शब्द मराठीला फारसीच्या वाटेने मिळाले, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

म्हणून मशीन सुरू झाले नाही तर क्रम असा ठेवा. वीज बंद करून रॅम काढा, तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलके पुसा आणि परत बसवा. कितीतरी मशीन एवढ्यानेच उठतात. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. सेल संपला की बायोसची मांडणी पुसली जाते आणि विंडोज सापडत नाही. बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पाहा. दिसत असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि आधी फाइली उतरवून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका, जाणकाराकडे द्या. फाइली हाती आल्यावरच स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टिम रिस्टोअर, आणि अगदी शेवटी फॉरमॅट.

नव्या मशीनमध्ये एक बदल झाला आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिटलॉकर डिस्कला कुलूप लावतो. तिथे डिस्क काढून जोडली तरी अठ्ठेचाळीस अंकी किल्लीशिवाय काही दिसत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन सुरू होईनाशी झाली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दोष एकाच फाइलीत होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती काढली की काम व्हायचे. पण कित्येक कचेऱ्या त्या किल्लीपाशीच अडल्या. तुमची किल्ली आजच वहीत लिहून ठेवा.

आता पुन्हा तशीच वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जुनी मशीन अकरावर जात नाहीत, म्हणून शाळांमधून, ट्रस्टमधून ती भंगारात निघतील. भंगारवाल्याला द्यायच्या आधी डिस्क काढून घ्या. नुसती नक्कल पुरत नाही. इनपेजच्या जुन्या फाइली त्यांच्याच संकेतात बांधलेल्या असतात, म्हणून त्यांची पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवा. श्रीलिपीतल्या मराठी मजकुराचेही तेच. आपल्या गल्लीत हे काम येणारी दोन-तीन पोरे नक्की असतात. त्यांना चहा पाजा, मेहनताना द्या आणि सांगा, "बेटा, पहले कागज निकाल, फिर फॉरमॅट मार."