'श्रमप्रिय' नावाची गोळी

इ. स. १९४१ मध्ये जपानातील दाईनिप्पोन या औषधी कंपनीने एक गोळी बाजारात आणली. तिचे नाव 'फिलोपॉन'. जपानी उच्चारात 'हिरोपोन'. हे नाव एका ग्रीक शब्दावरून घेतलेले असून त्याचा अर्थ 'श्रमाची आवड असणारा' असा होतो. कामाचे तास, पाळ्या आणि सुट्ट्या यांवर भांडण्यात ज्याची उमर गेली, त्या माझ्यासारख्याला हे नाव वाचून कुतूहल वाटले नाही तरच नवल! कामाची आवड गोळीत भरता येते काय? मी डॉक्टर नव्हे, रात्रशाळेपलीकडे माझे शिक्षण नाही. पण ग्रंथालयात बसून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरात मज्जातंतूंचे एक जाळे असे आहे, की त्यावर आपला हुकूम चालत नाही. त्याला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. अंधारात पायाशी साप दिसला, की विचार सुचण्याआधीच छाती धडधडू लागते, डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. भूक मरते, झोप पळते. कारखान्यात आग लागल्यावर भोंगा वाजावा आणि साऱ्या खात्यांनी नित्याची कामे टाकून धावावे, तसा हा प्रकार. मात्र भोंगा वाजल्याने कोठारातला कोळसा एका टोपलीनेही वाढत नाही, हे ध्यानी ठेवावयास हवे.

हा भोंगा बाहेरून वाजविता येतो, हे प्रथम लंडनमध्ये दिसले. १८९४ च्या सुमारास ऑलिव्हर आणि शेफर या दोघांनी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींचा अर्क कुत्र्यांना टोचला. त्यांचा रक्तदाब झपाट्याने चढला. त्या अर्कातील मूळ द्रव्य शुद्ध रूपात काढण्याचा मान एका जपानी माणसाकडे जातो. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या जोकिची ताकामिने यांनी आपले साहाय्यक उएनाका यांच्यासह १९०० साली ते काढले. तेच ॲड्रेनलिन. गुण मोठा, पण पोटात घेतले तर ते वाया जाते, आणि टोचले तरी त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो.

मौज अशी, की याहून टिकाऊ द्रव्य दुसऱ्या एका जपान्याच्या हाती त्याआधीच लागले होते. नागायोशी नागाई बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून मायदेशी परतले आणि १८८५ साली त्यांनी, चिनी वैद्य दम्या-खोकल्यावर शतकानुशतके देत आलेल्या 'माहुआंग' या झुडपातून एफेड्रिन वेगळे केले. त्याची खरी किंमत कळण्यास १९२४ साल उजाडले. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी दाखविले, की हे द्रव्य ॲड्रेनलिनसारखेच काम करते, पण तोंडाने घेता येते आणि तासन्‌तास टिकते. दमेकऱ्यांना केवढा दिलासा! याच नागाईंनी १८९३ साली एफेड्रिनपासून आणखी एक पदार्थ बनविला होता. दोघांच्या रेणूंत फरक एवढाच, की नव्यात प्राणवायूचा एक परमाणू कमी. पण त्या एका परमाणूच्या वजाबाकीने तो मेंदूत सहज शिरू लागतो. त्याचे नाव मेथॲम्फेटामिन.

आता ही द्रव्ये काम कशी करतात ते पाहू. कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिन नावाच्या द्रव्याचा साठा असतो, हे स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये सिद्ध केले. हे द्रव्य बाहेर पडून हृदय, रक्तवाहिन्या इत्यादींवरील ग्राहींना चिकटते. १९४८ मध्ये अमेरिकेच्या आल्क्विस्ट यांनी या ग्राहींच्या दोन जाती सांगितल्या, अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आवळण्याचे काम मुख्यतः अल्फाचे; हृदयाची गती वाढविणे आणि श्वासनलिका सैल करणे हे बीटाचे. औषधांचेही असेच दोन पंथ. ॲड्रेनलिन किंवा १९६० नंतरच्या दशकाअखेरीस आलेले दम्याचे साल्ब्युटामॉल थेट ग्राहीला जाऊन भिडते. कुलपात किल्ली बसावी तसे. ॲम्फेटामिनच्या कुळाची रीत वेगळी. ते मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि आतला साठा बाहेर ढकलते. म्हणजे माल शरीराचाच. गोळीने फक्त गोदाम फोडले. एफेड्रिन थोडे हे करते, थोडे ते. गोदाम फोडणारी औषधे पाठोपाठ दिली, तर पुढच्या मात्रेचा गुण उतरत जातो, कारण साठाच आटलेला असतो. मेंदूतही मेथॲम्फेटामिन हेच करते; तेथे नॉरॲड्रेनलिनबरोबर डोपामिनही सांडते, म्हणून हुशारी वाटते आणि चटकही लागते. शीण गेलेला नसतो. शीण आल्याची वर्दी तेवढी दाबली जाते.

अशी वर्दी दाबण्याची गरज कोणाला पडते? जर्मनीत १९३८ पासून हेच द्रव्य 'पेर्विटिन' या नावाने विकले जाई, आणि १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात त्या सैन्याला साडेतीन कोटी गोळ्या पुरविल्या गेल्या. जपानात हिरोपोन वैमानिकांना मिळाली, तशीच युद्धसामग्रीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनाही. रणांगणावरील शिपायाचे एक वेळ सोडून देऊ. त्याच्यापुढे खरोखरच साप उभा असतो. यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगारापुढे कोणता साप होता? त्याला हवी होती झोप आणि पोटभर भात. दोन्ही महाग होती. गोळी स्वस्त होती. ॲड्रेनलिनने मरणाच्या दारातून ओढून आणलेली माणसे आहेत, तेव्हा औषधाला दोष देण्यात अर्थ नाही; भोंग्याची दोरी कोणाच्या हाती आहे, एवढेच मी विचारतो.

नागाई १९२९ मध्ये वारले. आपल्या पदार्थाचे पुढे काय झाले ते त्यांना पाहावे लागले नाही. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि शिल्लक साठे बाजारात आले. रात्री जागणारे लेखक, नट, मजूर आणि मग बेकार तरुण पोरे ती गोळी घेऊ लागली, सुईनेही टोचू लागली. १९५१ मध्ये जपान सरकारने उत्तेजक द्रव्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. १९५४ या एकाच वर्षात त्या कायद्याखाली पंचावन्न हजारांवर माणसे पकडली गेली.