व्रत, पारणे आणि नेम

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेला सातवाहनकालीन लेख महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. तो नागनिका राणीचा मानला जातो आणि सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला समजला जातो. यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोठी यादी त्यात आहे. त्या यादीपुढे राणीला लावलेले एक विशेषण सहसा नजरेआड होते. ते विशेषण म्हणजे ‘मासोपवासिनी’, महिनाभर उपवास करणारी. आपल्या प्रदेशातल्या अगदी जुन्या लेखांपैकी एकात एका स्त्रीची थोरवी तिने काय खाल्ले नाही यावरून सांगितलेली आहे, ही गोष्ट आम्हाला विचार करण्याजोगी वाटते.

याच जुन्नरच्या डोंगरांत दुसरा एक लेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. जवळच शिवनेरीवर अंबरखान्याची इमारत उभी आहे. शिवजन्म 1630 सालचा आणि दख्खनला उद्ध्वस्त करणारा दुष्काळही 1630 ते 1632 या काळातला. म्हणजे या परिसरात अन्न सोडण्याचे दोन इतिहास शेजारी शेजारी नांदत आले. एक स्वेच्छेचा, पुण्याचा. दुसरा सक्तीचा, रिकाम्या कणगीचा. आज वजन कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा ‘डाएट’ धरणारा आणि सोडणारा मराठी माणूस या दोन्ही इतिहासांचा वारस आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी व्रताकडे पाहू. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्यातल्या व्रतखंडाचा विस्तार पाहिला तरी वर्षातल्या तिथी व्रतांनी किती दाटलेल्या होत्या याची कल्पना येते. व्रताला संकल्प असतो, मुदत असते, पारणे असते आणि शेवटी उद्यापन असते. या चौकटीत निर्बंधाइतकीच त्याची भरपाईही ठरलेली असते. चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगी वर्ज्य, म्हणून आषाढी एकादशीच्या आधी शुद्ध नवमीला घरोघरी कांदेनवमी होते आणि कांद्याचे सर्व प्रकार एका दिवसात पोटात जातात. पुढे चंपाषष्ठीला खंडोबाच्या निमित्ताने वांग्याचे भरीत पानात परतते. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांतली दोन स्थाने जुन्नर तालुक्यातच आहेत. तिथल्या संकष्टीला दिवसभराच्या उपवासानंतर चंद्रोदयाला पान मांडले जाते. हा सगळा व्यवहार आपल्या लोकांनी फार पूर्वीच ओळखला होता. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण त्याचीच साक्ष आहे.

उपवासाच्या पदार्थांचा इतिहासही बोलका आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सारी अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी ती इथे नव्हती. ज्या फराळाला आपण सनातन समजतो त्याचे ताट फार तर चार-पाचशे वर्षांचे आहे. आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार आज बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळ्यांच्या वस्त्यांतून वरई हे पोटभरीचे धान्य म्हणून पिकवली गेली. शहरात ती भगर होते आणि उपवासाला चालते. एकाच दाण्याचे डोंगरावर जेवण आणि खाली उपवास, यातले सामाजिक अंतर मराठीच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावे असे आहे.

आता आधुनिक ‘डाएट’कडे वळू. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने 1863 साली आपले वजन कसे उतरले यावर एक छोटी पुस्तिका काढली. ती इतकी गाजली की त्याचे आडनाव इंग्रजीत क्रियापद झाले आणि स्वीडिश भाषेत ते आजही त्याच अर्थाने वापरात आहे. आपल्याकडे 2018च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत आणि ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा आग्रह यांवर घराघरांत पक्ष पडले. कोणाचे बरोबर, हा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की अनुयायांनी या दोन्ही पद्धती व्रतासारख्या धरल्या. सोमवारपासून आरंभ, रविवारी कांदेनवमी, लग्नसराईत भंग, मग प्रायश्चित्त म्हणून अधिक कडक नियम. जुन्या व्रताला निदान पंचांग होते आणि उद्यापनानंतर माणूस मोकळा होत असे. या नव्या व्रताला उद्यापनच नाही. उरते ती फक्त व्रतभंगाची शरम. ती बहुधा बाईच्या वाट्याला अधिक येते, हे मासोपवासिनीच्या देशात नवल नाही.

ही शरम अनाठायी आहे, हे दाखवणारा प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाला. 1944-45 साली अँसेल कीज यांनी 36 निरोगी, स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. मन सतत अन्नाभोवती फिरू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. बंधन उठल्यावर त्यांतल्या अनेकांना पोट भरल्याची जाणीवच होईना, आणि परत आलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा होता. निश्चयाच्या बळावरच या प्रयोगात उतरलेली ही माणसे होती. तेव्हा दुप्पट खाशी हा स्वभावदोष नसून उपाशी शरीराचे उत्तर आहे. कडक निर्बंध आला की शरीराला तो दुष्काळच वाटतो, आणि दुष्काळ ओसरल्यावर ते कणगी भरू लागते.

मग चक्र मोडायचे कसे? पूर्वीच्या खाण्याकडे परत जा, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धे खोटे आहे. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागातली बाजरीची भाकरी, हुलगा-मटकीची आमटी आणि हंगामाची भाजी हे जेवण उत्तम होते. परंतु त्यातला संयम पुष्कळदा टंचाईचा होता. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस, टोमॅटो, द्राक्षे आली, साखर कारखाने आले, हातात पैसा आला. तो नाकारून कोणी पुन्हा अभावाकडे जाणार नाही, आणि जावे असे सांगणे निर्दयपणाचे होईल. त्या जेवणातून घेण्यासारखी आहे ती त्याची घडण. रोजचे अन्न साधे, पोटभर आणि ठरलेल्या वेळी. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी, होळीला पुरणपोळी. सणाला पोळी खाल्ली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी अन्न वर्ज्य करीत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी असे.

या घडणीला मराठीत एक शब्द आहे: नेम. व्रत आणि नेम हे आपण जोडीने उच्चारतो, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. व्रताला मुदत असते, नेम रोजचा असतो. व्रत मोडते, नेम चुकतो. मोडलेल्या गोष्टीला प्रायश्चित्त लागते. चुकलेला नेम दुसऱ्या दिवशी पुन्हा धरता येतो. म्हणून नेम लहान असावा लागतो. सकाळची न्याहारी न टाळणे, एका जेवणात भाकरी आणि कडधान्य असणे, चहातली साखर हळूहळू कमी करणे, ताटावर बसूनच खाणे. यांतला एक अंगवळणी पडला की दुसरा. यात वर्ज्य असे काही नाही, त्यामुळे कांदेनवमीही नाही. वजन काट्यावर यामुळे किती आणि कधी उतरेल हे प्रत्येकाचे वेगळे. ज्यांना मधुमेहासारखा आजार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच बदल करावा.

नाणेघाटातल्या त्या लेखात राणीने महिनाभर काय सोडले हे कोरलेले आहे. उरलेले अकरा महिने ती काय जेवत होती हे कोणी लिहिले नाही. आपल्या वह्यांतही आपण बहुधा उपवासाच्याच तारखा लिहितो. रोजच्या भाकरीची नोंद ठेवावी असे आपल्याला वाटत नाही, आणि शरीर तर तिच्यावरच चालत असते.